तुम्ही विचारलंत म्हणून: नॅसकारचे स्टँड ओस का पडले?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला आमच्याकडे भारतातून कोणी आलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कॉन्कर्डच्या मॉलची फेरी ठरलेली. मॉलच्या शेजारीच तटबंदीसारखे उंच स्टँड दिसतात. "हे काय हो?" शार्लट मोटर स्पीडवे, नॅसकारचा म्हणजे इथल्या मोटारशर्यतींचा ट्रॅक, मी सांगतो. मग पुढचा प्रश्न येतोच: "टीव्हीवर तर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या दिसतात. पूर्वी म्हणे तिकीट मिळायचं नाही. मग झालं काय?" मॉलचं पार्किंग शोधता शोधता याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

माझी पहिली शर्यत मे २००५ ची, कोका-कोला ६००. सहाशे मैल, म्हणजे दीड मैलाच्या ट्रॅकवर चारशे फेऱ्या. शेजारच्या आजोबांकडे एक तिकीट जास्तीचं होतं. गाड्या नुसत्या डावीकडे वळणार, त्यात बघायचं काय, असं मनात म्हणतच गेलो. हिरवा झेंडा पडला आणि चाळीसहून जास्त गाड्या एकदम समोरून गेल्या, तेव्हा आवाज कानात नाही, बरगड्यांत वाजला. अपघात वगैरे झाला की गाड्या हळू करायला लावणारा पिवळा झेंडा त्या रात्री बावीस वेळा निघाला. जिमी जॉन्सननं शेवटच्या क्षणी बॉबी लाबोन्टीला गाठलं, तोवर आमचं तळलेलं चिकन संपून तास उलटून गेले होते. आजोबांच्या डोक्यावर ‘३’ हा आकडा असलेली काळी टोपी होती. त्या आकड्याचा ड्रायव्हर, डेल अर्नहार्ट, चार वर्षांपूर्वी फ्लोरिडातल्या डेटोनाला शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून गेला होता. टोपी मात्र उतरली नव्हती.

ही निष्ठा समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. जॉन्सनची ४८ नंबरची गाडी लोज या हार्डवेअर दुकानांच्या कंपनीच्या जाहिरातीची, टोनी स्टुअर्टची नारिंगी गाडी प्रतिस्पर्धी होम डेपोची. कुंपणाचे खिळे आणायला जवळचं होम डेपो सोडून सहा मैलांवरचं लोज गाठणारा माणूस मी आमच्याच गल्लीत पाहिलाय. जाहिरातदाराला याहून जास्त काय हवं? १९७१ पासून अमेरिकेत टीव्हीवर सिगारेटची जाहिरात बंद झाली, तेव्हा विन्स्टन सिगारेटनं आपला पैसा इथे वळवला आणि २००३ पर्यंत मुख्य मालिकेला तिचंच नाव राहिलं. १९७९ ची डेटोना ५०० पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवली. त्या दिवशी पूर्वेकडे बर्फामुळे लोक घरीच अडकलेले. शेवटच्या फेरीत पहिल्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, रिचर्ड पेटी जिंकला आणि मैदानात ड्रायव्हरांची हाणामारी झाली. अशी जाहिरात पैसे देऊनही मिळत नाही.

मग खरा पैसा आला. माझ्या मते गडबड तिथूनच सुरू झाली. १९९९ साली टीव्हीशी दोन अब्ज चाळीस कोटी डॉलरचा करार झाला, २००१ पासूनच्या हंगामांसाठी. त्यातले ६५ टक्के ट्रॅकमालकांना, २५ टक्के बक्षिसांच्या रूपानं संघांना आणि १० टक्के नॅसकारला. नॅसकार फ्रान्स आडनावाच्या घराण्याचं, आणि तेव्हा बरेचसे ट्रॅक ज्या कंपनीचे होते तीही त्याच घराण्याच्या ताब्यात. आता जरा हिशेब करा. ट्रॅकवाल्याचं तिकीट खपलं नाही तरी टीव्हीचा चेक येणारच. संघाला मात्र गाडी पळवायची तर सगळी भिस्त प्रायोजकावर, आणि प्रायोजक तोवरच राहणार जोवर कोणीतरी सहा मैल लांब खिळे आणायला जातंय. स्टँड रिकामे झाले तर मार कोणाला बसणार, हे त्या वाटणीतच लिहून ठेवलेलं होतं.

दरम्यान शर्यती गावाबाहेर निघाल्या. आमच्या नॉर्थ कॅरोलायनातलं नॉर्थ विल्क्सबरो १९९६ नंतर बंद पडलं. दोन मालकांनी ट्रॅक घेतला तो तिथल्या शर्यतींच्या तारखांसाठी, आणि त्या तारखा टेक्सास आणि न्यू हॅम्पशरला नेल्या. २००४ मध्ये इथलाच रॉकिंगहॅमचा ट्रॅकही गेला. शेजारच्या साउथ कॅरोलायनातल्या डार्लिंग्टनची, सप्टेंबरातल्या लेबर डेची शर्यत १९५० पासूनची, म्हणजे आपल्याकडच्या जत्रेच्या तिथीसारखी. ती तारीख २००४ ला लॉस एंजेलिसजवळच्या फोंटानाला दिली. जत्रेची तिथी शहराला भाड्यानं देऊन चालतं का? शहर काही आलं नाही. फोंटानात २०२३ मध्ये शेवटची शर्यत झाली, मग ट्रॅक पाडला. डार्लिंग्टनला तिची तारीख २०१५ ला परत मिळाली, पण अकरा वर्षांत लोकांच्या सवयी मोडतात.

गुणांचा खेळखंडोबा तर विचारूच नका. २००३ ला मॅट केनसेथ वर्षभरात एकच शर्यत जिंकून गुणांच्या बेरजेवर वर्षाचा विजेता झाला, हे वरच्यांना खुपलं. पुढच्या वर्षीपासून शेवटच्या दहा शर्यतींची वेगळी स्पर्धा आणली, मग त्यात वारंवार दुरुस्त्या. २०१४ ला नियम आला की शेवटच्या शर्यतीत चौघे उरणार आणि त्या चौघांत जो पुढे तो विजेता. गंमत अशी की पहिल्याच वर्षी रायन न्यूमन एकही शर्यत न जिंकता थोडक्यात विजेतेपदाला मुकला. आजोबांना मी तो नियम दोनदा समजावला. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

गाडीबद्दल मात्र मी नॅसकारची बाजू घेतो. २००७ ला आलेली नवी गाडी दिसायला ओबडधोबड होती आणि शेवरले, फोर्ड, डॉज सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या दिसायच्या. लोकांनी नाकं मुरडली. पण अर्नहार्टनंतर मुख्य मालिकेच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही, यात त्या काळातल्या सुरक्षेच्या कामाचा वाटा मोठा. हे म्हटलं की आजोबा मान डोलावतात आणि तरीही ती गाडी कुरूप होती म्हणतात.

२००८ ची मंदी आली तेव्हा हे सगळं एकदम उघडं पडलं. पेट्रोल महाग, नोकऱ्यांची शाश्वती नाही, अशात हॉटेलवाले शर्यतीच्या आठवड्यात दर चढवणार. ब्रिस्टलच्या ट्रॅकवर १९८२ पासून ओळीनं ५५ शर्यतींची तिकिटं संपली होती. मार्च २०१० ला ती माळ तुटली. इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर २००८ ला टायर दहा-बारा फेऱ्यांतच झिजायचे, म्हणून शर्यत पुन्हा पुन्हा थांबवावी लागली. तिथली गर्दी नंतर सावरलीच नाही. डेटोनानं २०१६ ला चाळीस कोटी डॉलर खर्चून नूतनीकरण केलं आणि खुर्च्या सुमारे दीड लाखावरून एक लाख एक हजारांवर आणल्या. प्रायोजकांपैकी होम डेपो २०१४ नंतर गेलं, टार्गेट २०१७ नंतर, लोज २०१८ नंतर. लोजचं जाणं इथे लागलं, कारण कंपनीचं मुख्यालय इथून जवळच, मूर्सव्हिलला, आणि मी पहिली शर्यत पाहिली तेव्हा या ट्रॅकचं नावच लोज मोटर स्पीडवे होतं. त्यातच जेफ गॉर्डन, स्टुअर्ट आणि डेलचा मुलगा, धाकटा अर्नहार्ट, हे लाडके ड्रायव्हर तीन वर्षांत एकामागोमाग निवृत्त झाले. लोक कंपनीसाठी कधीच येत नव्हते, माणसासाठी येत होते.

"हल्ली मुलांना गाड्यांचं वेडच नाही," असंही कारण देतात. असेल. पण मी खेड तालुक्यातला. आमच्याकडे बैलगाडा शर्यतीवर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि २०२१ च्या डिसेंबरपर्यंत घाट, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्या, सुने पडले. चुलतभाऊ बैल विकायला काढतो म्हणायचा, विकला नाही. बंदी उठल्यावर त्यानं घाटावरून व्हिडिओ कॉल केला, तर भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यात त्याचं तोंड दिसेना. सात वर्षं बंद असलेला खेळ पहिल्या बारीला भरला, आणि कोणीही बंद न केलेल्या खेळाच्या खुर्च्या इथे कटरनं कापून नेल्या. घाटावर गाडा कोणाचा आणि गाव कुठलं, हे पोराटोरांना ठाऊक असतं. इथे ते आजोबांना ठाऊक होतं. नातवाला रंगीत गाडीवरचा यंदाचा जाहिरातदार कोण, हेही सांगता येत नाही, कारण तो दर दोन-चार आठवड्यांनी बदलतो.

मे २०२३ ला नॉर्थ विल्क्सबरो पुन्हा उघडलं, निवडक ड्रायव्हरांच्या ऑल-स्टार शर्यतीसाठी. जुन्या पाट्यांचा पोपडे उडालेला रंग मुद्दाम तसाच ठेवला होता. तिकीट मिळालं नाही. आजोबा आणि मी घरीच टीव्हीसमोर बसलो, ते टोपी घालून.

तुम्हाला यायचंच असेल तर मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) आदल्या रविवारी शार्लटला या. कानात घालायला बोळे आणा, चिकन मी आणतो.