तुम्ही विचारलंत म्हणून: आधी मस्टर दाखवा

युद्धातून सावरणाऱ्या देशांबद्दल मी लिहितो, त्यामुळे एक प्रश्न ठरलेला: "निवडणुका झाल्या तिथे, आता शांतता टिकेल ना?" पूर्वी मी राज्यघटनेपासून सुरुवात करायचो. आता उलट विचारतो, तिथल्या शिपायाचा पगार कुणाच्या हातून येतो? लोकांना वाटतं मी उत्तर टाळतोय.

काँगोत २००३ नंतर एकमेकांशी लढलेले गट एकाच सैन्यात आणले गेले. पगाराची रोकड अधिकाऱ्यांच्या हातून खाली झिरपायची. मस्टरवर माणसं भरपूर, तळावर थोडी. मधली रक्कम गडप. खरा शिपाई उपाशी, आणि हातात बंदूक. मग तो गावातच वसुली करणार. युरोपीय संघाच्या सल्लागारांनी शिपायांची मोजदाद केली, ओळखपत्रं दिली, हुकूम देणारा आणि पगार वाटणारा वेगळा असेल अशी व्यवस्था लावली. रटाळ कारकुनी काम! पूर्वेकडची लढाई त्याने थांबली नाही हे खरं. तिथे शेजारी देशांचेही हात गुंतलेत.

इराकचं सगळ्यांना माहीत आहे. मे २००३ मध्ये अमेरिकेने नेमलेले तिथले प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एका आदेशाने इराकचं सैन्यच बरखास्त केलं. सैनिकांना भत्ता जाहीर झाला तो ते रस्त्यावर उतरल्यानंतर.

आग्नेय आशियातल्या चिमुकल्या पूर्व तिमोरची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या यशाचा दाखला म्हणून तो देश मिरवला जायचा. २००५ मध्ये शांतिसेना परतली. पुढच्याच वर्षी भेदभावाची तक्रार करत देशाच्या पश्चिम भागातल्या सैनिकांनी बराकी सोडल्या, आणि ५९४ जणांना काढून टाकण्यात आलं. एवढ्याशा सैन्यातले एक तृतीयांशाहून जास्त! मे महिन्यात दिली या राजधानीत सैनिक पोलिसांवर गोळ्या झाडत होते, आणि दीड लाखाच्या आसपास लोकांनी घरं सोडली. राज्यघटना होती, संसद होती. तक्रार ऐकून घेईल असा कुणी नव्हता.

लायबेरियात २००५ मध्ये देणगीदारांनी अट घातली: महत्त्वाच्या सरकारी संस्थांच्या खर्चावर परदेशी तज्ज्ञाची दुसरी सही हवी. स्वाभिमानाला झोंबणारी गोष्ट; मला ती अजूनही पूर्ण पटलेली नाही. पण तिथे घाई झाली नाही. सुरक्षेची जबाबदारी स्थानिक पोलीस आणि सैन्याकडे आली २०१६ मध्ये, शांतिसेना निघाली २०१८ मध्ये. २०२३ च्या निवडणुकीत अध्यक्ष जॉर्ज वेआ दीड टक्क्याहून कमी फरकाने मागे पडले, आणि अंतिम निकालाआधीच त्यांनी हार मान्य केली. तेव्हा शांतिसेना जाऊन पाच वर्षं झाली होती.