धक्का लावू नका

"काकू, कल्चर आहे ना, तीन दिवस लागतील," लॅबच्या खिडकीतली मुलगी म्हणाली.

आईला थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ. गोळी सुरू करायच्या आधी मधल्या धारेची लघवी निर्जंतुक डबीत द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. साखर संध्याकाळपर्यंत कळते, मग यालाच तीन दिवस कशाला? दुसऱ्या दिवशी मी फोन केला, तर ती वैतागली. "अहो, जंतू वाढायला तर पाहिजेत!"

मी गप्प झाले. विरजणाचं भांडं सारखं उघडून बघणाऱ्या नवऱ्याला मी इतकी वर्षं दुसरं काय सांगत आलेय?

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले, तरी ते कुठल्या औषधाला दबतील हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी त्यांना आधी जेवायला घालायचं. बशीत खाऊ थापायचा, त्यावर लघवीत बुडवलेली तार फिरवायची आणि बशी अंगाच्या तापमानाच्या उबेत रात्रभर ठेवायची. मॅककॉंकी नावाच्या खाऊत दुधातली साखर असते. ती पचवणारे जंतू गुलाबी ठिपके होऊन उठतात.

ती बशी थिजते चायना ग्रासवर. होय, उन्हाळ्यात आपण आंब्याचा रस घालून वड्या पाडतो तेच, प्रयोगशाळेतलं नाव अगर. पूर्वी जिलेटिन वापरत. ते उबेत वितळायचं, शिवाय काही जंतू तेच खाऊन टाकायचे. 1881 मध्ये जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवणारे डॉक्टर वाल्थर हेस असेच वैतागले होते. त्यांच्या बायकोची, फॅनीची, जेली मात्र उन्हाळ्यातही घट्ट राहायची. ती अगर घालायची. जावात राहून आलेल्या शेजारणीकडून शिकली होती. अगर उकळत्या पाण्यात विरघळतं, चाळीसच्या खाली थिजतं आणि एकदा थिजलं की 37 अंशांना ढिम्म हलत नाही. कॉख यांच्या क्षयावरच्या 1882 च्या निबंधात अगरचा उल्लेख आहे. फॅनीचा नाही. स्वयंपाकघरातून गेलेल्या गोष्टींचं बहुधा असंच होतं.

आपल्या मुंबईत तर तूपही या कामी आलं. 1896 च्या प्लेगात वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस करायला जंतू वाढवत होते. लस हिंदू-मुसलमान दोघांनाही चालावी, म्हणून बोकडाच्या मांसाचा अर्क घेतलेला आणि वर तुपाचे थेंब. प्लेगचे जंतू त्या तुपाला धरून खाली लोंबत, गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीसारखे. अशी झुंबरं दिसली की प्लेग ओळखावा. पण जरा धक्का लागला की सगळं तुटून तळाशी! त्या खोलीत दार आपटणाऱ्याचं काय होत असेल, कोण जाणे.

आईचे जंतू तसे भराभर वाढणारे निघाले. ई. कोलाय वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा-वीस तास लागतात आणि त्याचे लाडही फार: अंडी फेटून केलेला हिरवट खाऊ, त्यावर कधीकधी आठ-आठ आठवडे वाट बघणं. आता सीबीनॅटचं यंत्र दोनेक तासांत थुंकीतला क्षय सांगतं, पण अजूनही काही रुग्णांसाठी ते हिरवं विरजण लावावंच लागतं.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. बशीत औषधांच्या चकत्या ठेवून कुणाभोवती जंतू उगवत नाहीत ते बघतात. त्याचीच ती यादी, एका बाजूला औषधं, दुसऱ्या बाजूला 'एस', म्हणजे जंतू दबतात, नाहीतर 'आर'. चालू गोळीपुढे 'आर' होता. डॉक्टरांनी ती बदलली.

आईने चष्मा लावून यादी वाचली. "आर म्हणजे काय गं?"

"म्हणजे त्या औषधाला ते दाद देत नाहीत. कितीही द्या, ढिम्म."

"अगंबाई," ती म्हणाली, "तुझे बाबा या यादीत कसे आले?"