तुम्ही विचारलंत म्हणून: सामी लोकांकडे रेनडियर किती असतात?

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला राहायला आल्यापासून घरून फोन आला की हा प्रश्न ठरलेलाच, त्या सामी लोकांकडे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांकडे, रेनडियर किती असतात गं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, हे इथे विचारायचं नसतं. पहिल्याच वर्षी ऑफिसमधल्या एका सामी मैत्रिणीला मी विचारलं होतं, ती काही बोलली नाही, कॉफी ओतत राहिली, मग दुसरीने बाजूला घेऊन सांगितलं की कळप केवढा हे विचारणं म्हणजे बँकेत पैसे किती हे विचारणं. फार लाज वाटली.

तसे नॉर्वेतले बहुतेक सामी रेनडियर पाळतही नाहीत, कोणी मासेमारी करतं, कोणी नर्स, कोणी शिक्षक. पण ज्यांचे कळप आहेत त्यांचा जीव त्यात अडकलेला असतो. त्यांच्या भाषेत कळप म्हणजे एअल्लू आणि जगणं म्हणजे एअल्लिन, एकाच मुळातले शब्द.

विचारायचंच तर चारा कसाय ते विचारा. हिवाळ्यात रेनडियर खुराने बर्फ उकरून खालचं लायकेन (दगडफुलासारखं काहीतरी) खातात, पण हल्ली मधेच पाऊस पडतो, वर पुन्हा गोठतं, काचेसारखा थर बसतो आणि खाणं दिसत नाही की मिळत नाही. त्यात कुरणंही जातायत. मध्य नॉर्वेतल्या फोसेनला सामींच्या कुरणांवर १५१ पवनचक्क्या उभ्या केल्या, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवाने बेकायदा ठरवले तरी त्या फिरतच राहिल्या, शेवटी ५०० दिवस उलटल्यावर सामी पोरंपोरी ओस्लोला मंत्रालयातच जाऊन बसली. मला याचा अजून राग येतो.

त्याच मैत्रिणीने पुढे एका जुलैत मला पिल्लांच्या कानांवर खुणा करतात तिकडे नेलं. रात्री अकरा वाजता, तेव्हा सूर्य मावळत नाही आणि गारवा पिल्लांना बरा. पिल्लू आईच्या मागे जातं, आईच्या कानावरून मालक कळतो, मग फास टाकून धरायचं आणि सुरीने कानाला छेद द्यायचे. प्रत्येकाची खूण वेगळी, तिच्या नऊ वर्षांच्या लेकीचीही स्वतःची. कापलेले तुकडे खिशात ठेवतात, शेवटी तेच मोजायचे. लेकीने मूठ उघडून दाखवली, मऊ केसांचे इवलेसे तुकडे. मी मोजले नाहीत.