फवारणी गाडी, नोंद ७: पंप निर्दोष, खोट बॉडी अर्थमध्ये

जुन्या एटीव्हीवर (हँडलची चारचाकी बाइक) बॅटरीवर चालणारा पंप बसवून मी फवारणीची गाडी करतोय. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की बूम (नोझल लावलेली आडवी दांडी) बसला, माप जुळलं, आता वाटाण्यात उतरायचं. उतरलो. पेरणीच्या दुसऱ्या दिवशी बारा गुंठ्यांच्या तुकड्यात उगवणपूर्व तणनाशक मारलं. तीन आठवड्यांनी बांधावरून पाहिलं तर कंगवा फिरवल्यासारखे पट्टे. नोझलच्या खाली रान स्वच्छ आणि दोन नोझलच्या मधे घोळ आणि काठेमाठ मुठीएवढे वाढलेले. सगळ्या वाफ्यांत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेवटी चार बायका लावून खुरपणी करावी लागली. ज्या कामासाठी ही गाडी उभी केली, तेच काम हाताने करून घेताना फार वाईट वाटलं.

खरं तर खूण त्याच दिवशी मिळाली होती. हिशोब असा: पिवळी ०२ नंबरची पाच नोझल, अंतर अर्धा मीटर, ३ बार दाबाला प्रत्येकी मिनिटाला ०.८ लिटर, वेग ताशी ४ किलोमीटर. म्हणजे हेक्टरी २४० लिटर, गुंठ्याला साधारण २.४. बारा गुंठ्यांना २९ लिटर लागायला हवे होते. फवारणी संपली तेव्हा टाकीत आठ लिटर शिल्लक होते. मी समजलो, गाडी जरा वेगात गेली असेल.

पट्टे दिसल्यावर दुसऱ्या दिवशी साधं पाणी भरून बूमवरच्या गेजकडे बघत गाडी चालवली. काटा दीड बारवर थरथरत होता. दाब निम्मा झाला की पाणी निम्मं होत नाही, वर्गमुळाच्या हिशोबाने साधारण तीस टक्के घटतं. उरलेल्या आठ लिटरचा जमाखर्च तिथेच लागला. पण पट्टे पडले ते पाणी कमी पडल्यामुळे नव्हे. कमी दाबाला फ्लॅट फॅन नोझलचा पंख्यासारखा फवारा आकसतो. ११० अंशांचं नोझल अर्ध्या मीटर उंचीवरून शेजारच्या फवाऱ्यावर चढायला हवं. ते शेजाऱ्यावर पुरेसं चढत नव्हतं.

आता खरा छळ. हाच पंप घरी अंगणात ३ बार देत होता, गेजचा फोटो नोंद ५ मध्ये आहे. रानात नेला की दीड. मी क्रमाने सगळं तपासलं. सक्शनची गाळणी उघडली, स्वच्छ. सक्शनच्या पाइपाला प्रत्येक जोडावर टेफ्लॉन आणि नवे क्लॅम्प. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल म्हणून झाकण उघडं ठेवून चालवलं. प्रेशर स्विचचा स्क्रू अर्धा अर्धा आटा फिरवून पाहिला. नोझलच्या गाळण्या काढल्या, तेव्हा चौथ्या नोझलमध्ये टाकीला भोक पाडतानाचा प्लॅस्टिकचा कीस सापडला. ते नोझल बाकीच्यांपेक्षा कमी पाणी देत होतं, साफ केल्यावर वाढलं. आनंद झाला, पण गेज जागचा हलला नाही. (नोझल साफ करायला दात घासायचा जुना ब्रश वापरा. तार घातली की भोक मोठं होतं आणि नोझल कायमचं वाया जातं.)

मग पंप घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने हातात धरून हलवला आणि डायफ्राम गेलाय म्हणाला. चोवीसशे रुपयांचा नवा पंप घेतला, बसवला. दीड बार. त्या संध्याकाळी मी गाडीकडे पाहिलंही नाही.

उत्तर बोटाला सापडलं. नवा पंप दहा-पंधरा मिनिटं चालवून सीटखालचा फ्यूज बघायला हात घातला आणि चेसीवरच्या अर्थच्या (चेसीला बॅटरीच्या मायनसशी जोडणाऱ्या) बोल्टला बोट लागलं. कोमट नव्हता, चांगला चटका बसला. एवढ्या छोट्या बोल्टने गरम का व्हावं?

मल्टिमीटर काढला. पंप चालू ठेवून बॅटरीवर १२.३ व्होल्ट. पंपाच्या टर्मिनलवर ९.४. जवळजवळ तीन व्होल्ट वाटेतच गायब! प्लसच्या बाजूने, म्हणजे वायर, फ्यूज होल्डर आणि स्विच मिळून ०.९. मायनसच्या बाजूने, नुसत्या बॉडी अर्थमध्ये, २.०. साडेसहा अँपिअरला दोन व्होल्ट म्हणजे १३ वॅट त्या बोल्टच्या बुडाशी जळत होते. या पंपाच्या मोटारीचा वेग व्होल्टेजवर ठरतो. तिला पाऊण जेवणावर पळवायचं आणि दाब का देत नाही म्हणून पंपाला नावं ठेवायची, असं महिनाभर चाललं होतं.

बोल्ट खोलला. वर चकचकीत काळा रंग, खाली गंजाची खपली. जुन्या मंडळींना आठवत असेल, ही गाडी मी अलिबागकडच्या किनाऱ्यावर पर्यटकांना वाळूत फिरवणाऱ्याकडून घेतली. खाऱ्या हवेत आणि खाऱ्या पाण्यात तिची काही वर्षं गेली आहेत. विकायच्या आधी गंजावरच रंग मारला होता आणि अर्थचा लग (वायरच्या टोकाची कडी) त्या रंगावर आवळला होता. इंजिन सुरू व्हायला त्याचा अडथळा आला नाही, कारण बॅटरीची जाड मायनस केबल थेट इंजिनवर जाते. म्हणून संशय कधी आलाच नाही. आणि अंगणातली चाचणी का पास झाली? तेव्हा मी पंपाला ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून थेट चिमटे लावले होते. गाडीची वायरिंग त्या चाचणीत नव्हतीच.

तुमच्यापैकी कुणी किनाऱ्यावरची जुनी गाडी घेत असेल तर टायर आणि इंजिनच्या आधी अर्थचे बोल्ट खोलून बघा. आणि व्होल्टेज मोजाल ते पंपाच्या टर्मिनलवर, पंप नोझलसकट चालू असताना. बंद पंपाला माझ्याही गाडीत पूर्ण १२.६ दिसत होते.

दुरुस्तीला एक दुपार पुरली. पंपासाठी चेसीचा अर्थ पूर्ण सोडून दिला. बॅटरीपासून पंपापर्यंत ४ चौरस मिलिमीटरच्या दोन स्वतंत्र तांब्याच्या वायरी, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज, हँडलवरच्या स्विचने फक्त रिले (पंपाचा मोठा करंट जोडणारा स्विच) चालतो. चेसीचा बोल्टही पॉलिश पेपरने घासून पांढरा केला, स्टार वॉशर घातला, वरून पेट्रोलियम जेली. वायर पुण्यात तपकीर गल्लीतून आणली. पंपाबरोबर जी वायर मिळते ती पाऊण चौरस मिलिमीटरची असते, बॅटरीवरच्या पाठपंपात हातभर अंतराला चालेल, गाडीवर ती लावूच नये. लगही क्रिंपिंग टूलने दाबून बसवलेले घ्या. साध्या पकडीने चेपलेले लग धक्क्यांनी सैल होतात.

स्विच दाबला आणि आवाजच बदलला. पंपावर १२.० व्होल्ट. काटा सरळ ३ च्या पुढे गेला, बायपास (जादा पाणी टाकीत परत सोडणारा व्हॉल्व्ह) थोडा उघडून ३ वर आणला. मग अंगणातल्या कोरड्या कोब्यावरून पाण्याचा एक फेरा मारला आणि उन्हात वाळताना बघत बसलो. अडीच मीटरचा पट्टा सगळीकडे एकसारखा ओला, मधे कुठेही कोरडी रेघ नाही, आणि सगळा एकदमच वाळला. बायकोलाही बोलावून दाखवला. पाच नोझलची मापं मिनिटाला ७८० ते ८०० मिलि. गाडीचा पहिल्या गिअरमधला वेग पुन्हा मोजला: नांगरटीत ३० मीटरला २७ सेकंद, म्हणजे बरोबर ४.

नवी कटकटही लगेच आली. अरुंद वाफ्यात बाहेरची दोन नोझल बंद केली की पंपाचं पाणी जास्त होतं आणि प्रेशर स्विच टक-टक करत चालू-बंद होतो. बायपासचा व्हॉल्व्ह दर वेळी हाताने फिरवणं गाडी चालवताना जमत नाही. त्या दोन नोझलच्या फांदीला तीनमार्गी व्हॉल्व्ह लावून, बंद केल्यावर तेवढंच पाणी टाकीत परत सोडायचा विचार आहे. परतीच्या नळीत ०४ नोझलची, म्हणजे दोन ०२ च्या बरोबरीची, चकती घातली की दाब हलणार नाही असं वाटतं.

पुढे अंजिराच्या तांबेऱ्यावरच्या फवारणीचं. ठरवलं होतं की जुना आणि नवा असे दोन्ही पंप जोडून फवारणीची गन चालवायची. आता आकडे लिहिताना दिसतंय की ते जमणार नाही. पंप चालू असताना बॅटरी १२.३ वर येते, म्हणजे गाडीचा मॅग्नेटो (इंजिनवर वीज तयार करणारा भाग) एका पंपाचाही भार पुरता पेलत नाही, बाकीचं ९ अँपिअर-अवरच्या बॅटरीतून जातं. दुसरा पंप लावला तर गाडी रानातच बंद पडेल. शिवाय तांबेरा पानाच्या खालच्या बाजूला असतो. दाट झाडात पानं उलटवायला २० किलोचा (साधारण २० बार) दाब लागतो, ५ किलोच्या डायफ्राम पंपाने ते होणार नाही. अंजिराला चुलतभावाचा एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी पंप) बरा. तो मागे दोनचाकी ट्रॉलीवर ओढता येईल का, ते बघतो. ट्रॉली झाली तर मोठी टाकीही खाली उतरवता येईल. सध्या तालीवर वळताना मागच्या कॅरिअरवरचं ४० लिटर पाणी हिंदकळलं की गाडी कलते, म्हणून ६० ची टाकी मी कधी भरलीच नाही.

मग जुन्या पंपाचं काय? हे लिहितानाच सुचलं. तो चांगलाच आहे, त्याला समोरच्या कॅरिअरवर १० लिटर स्वच्छ पाण्याचा कॅन जोडायचा आणि बूम रानातच धुऊन घ्यायचा. फवारणी संपल्यावर मुख्य पंप बंद असतो, त्यामुळे बॅटरीवर दुहेरी भार नाही. तणनाशकाची टाकी मी वेगळीच ठेवतो, पण बूम आणि नळ्या त्याच आहेत, आणि पुढच्या आठवड्यात त्यातूनच वाटाण्यावर भुरीचं औषध जाणार आहे. त्यामुळे रविवारी तीनमार्गी व्हॉल्व्ह नाही, आधी धुण्याचा पंप. एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागेल, नाहीतर औषध उलटं कॅनमध्ये शिरेल. सासवडला मिळतो का ते उद्या बघतो.