नडगी दुखतेय, काय खाऊ?

भरतीसाठी पळणाऱ्या पोरापोरींचा सराव मी घेते. पोलीस भरतीची जाहिरात आली की महिन्याभरात मला हा प्रश्न यायला लागतो. "ताई, नडगी लई दुखतेय. हाड मजबूत व्हायला काय खाऊ?" विचारणारी पोरं-पोरी मोहोळची, मंगळवेढ्याची, अक्कलकोटची असतात. सोलापुरात खोली घेऊन राहतात आणि पहाटे पार्क मैदानावर, नाहीतर थेट विजापूर रोडच्या डांबरावर पळतात. कधी त्यांच्या आयांचा फोन येतो. दरवेळी फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगते. आज तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून नीट सांगते.

खाण्याचं नंतर. आधी पाय दाखवा. मी मोजा खाली करायला लावते आणि नडगीची आतली कड अंगठ्याने वरून खाली दाबत जाते. वीतभर पट्टा ठणकत असेल तर हाडावर ताण आलाय, वेळीच सरावाला लगाम घातला तर निभावतं. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी अंगठा टेकला आणि पाय झटकन मागे गेला, किंवा त्या पायावर एक उडीसुद्धा मारवेना, तर त्या क्षणापासून पळणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. एक्स-रे चांगला आला म्हणून सुटलो, असं समजू नका. अशी बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते.

हे होतं कसं? भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. वर्षभर अभ्यासिकेत बसलेलं शरीर एकदम रोज सात-आठ किलोमीटर पळायला लागतं. दम आणि पोटऱ्या काही आठवड्यांत साथ देऊ लागतात. महिन्याभरात पळण्याची वेळ सुधारायला लागते, हुरूप येतो, पोरं आणखी पळतात. हाडाचं गणित मात्र वेगळं आहे. ताण पडला की हाड आधी स्वतःचा जुना, थकलेला भाग कोरून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. जुना गिलावा खरवडून नवा चढवावा तसं. कोरायला दोन-तीन आठवडे पुरतात, भरून कडक व्हायला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा थोडं कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच वाढलेल्या ताकदीच्या जोरावर आपण त्याला दामटत असतो.

सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, तिच्यात नंदीध्वज पेलणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. कमरेच्या पट्ट्यात तो उंच काठीचा भार तोलून चालायचं, तर ते संक्रांतीच्या आदल्या दिवशी सुरुवात करत नाहीत. कितीतरी आधीपासून त्यांचा सराव चालतो. भरतीसाठी पळणाऱ्यांनाही मी हेच म्हणते. जाहिरात यायच्या आधीचे रिकामे महिने हाडांचे आहेत.

त्या महिन्यांत नुसतं पळू नका. हाडाला सर्वांत मोठी ओढ स्नायूच देतो. मांडी आणि पोटरी जोरात आकसते तेव्हा हाडावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या कित्येक पट असतो, आणि हाड त्या भाराकडे बघून स्वतःला घडवतं. हाड भाराप्रमाणे आकार घेतं हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. उलट अंतराळवीरांना भारच नसतो, तर त्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक-दीड टक्क्याने झिजतं. तासन् तास सायकल मारणाऱ्यांचा दम अफाट असतो, पण मणक्याची हाडं पुष्कळदा विरळ निघतात, कारण सायकलवर आदळणं नसतं.

म्हणून माझ्याकडे आठवड्यातून दोन दिवस वजनाचे. पाठीवर वाळूची पिशवी घेऊन बैठका, पायरीवर टाचा उचलणं, जमिनीवरून वजन उचलणं, मोजक्याच वेळा, पण भार खरा. वजन उचललं तर पोरीची उंची खुंटेल अशी भीती बऱ्याच आयांना असते. नीट शिकवून, बेताने वाढवत नेलेल्या वजनाने उंची खुंटत नाही. सशक्त पोटरी पाय आपटण्याचा दणका स्वतः झेलते, तो नडगीपर्यंत कमी पोचतो. थकलेली पोटरी झेलत नाही. म्हणून लांब पळण्याच्या शेवटच्या टप्प्यात पाऊल फटाफट वाजायला लागलं की मी तिथेच थांबवते.

आणि लंगडी. हो, तीच, शाळेतली. इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठात सत्तरीच्या आसपासच्या पुरुषांना वर्षभर रोज एकाच पायावर उड्या मारायला लावलं होतं. उड्यांच्या पायाच्या खुब्याचं हाड दुसऱ्या पायापेक्षा सुधारलं. त्या वयात हे होतं, तर अठराव्या वर्षी किती होईल! पण हाड शंभराव्या उडीला ऐकत नाही. चाळीस-पन्नास आपटण्यांनंतर त्याला पुढचं काही कळेनासं होतं, मग काही तास शांत ठेवलं की पुन्हा कान टवकारतं. सकाळी चाळीस, संध्याकाळी चाळीस. पाय दुखत नसेल तरच.

आता मुलींचं. हे मी माझ्या अंगावरून शिकले. सतराव्या वर्षी मी १५०० मीटर पळायचे. हलकं अंग जोरात पळतं असं कुणीतरी डोक्यात भरवलं होतं, म्हणून डब्यातली एक भाकरी मैत्रिणीला द्यायचे. पाळी थांबली. सात महिने आली नाही. तेव्हाच्या आमच्या कोचना कळलं तर ते म्हणाले, बरं झालं, सरावाला आडकाठी नाही. मीही खूश होते. त्या संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली आणि मी ती उजवा पाय उशीवर ठेवून, घरात बसून फक्त ऐकली. नडगीला चीर पडली होती.

पाळी थांबणं ही सोय नव्हे. पळण्याला पुरेल इतकं खाल्लं नाही की शरीर खर्च कापायला लागतं. आधी पाळीचा कापतं, मग हाडाचा. हाडाची राखण करणारं इस्ट्रोजेन कमी पडतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या उपासमारीला वेगळं नाव देऊन सांगितलं की हे मुलांमध्येही होतं. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवा. माझ्याकडच्या प्रत्येक मुलीच्या वहीत पळण्याच्या रकान्याशेजारी पाळीचा रकाना आहे, आणि तो मी बघते.

आता काय खायचं ते. आधी पोटभर. मग कॅल्शियम, दिवसाला हजार मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्या ज्वारीच्या भाकरीने ताकद येते, पण १०० ग्रॅम ज्वारीत तीस मिलिग्रॅमही कॅल्शियम नाही. तेवढ्याच नाचणीत साडेतीनशेच्या वर आहे. भोगीच्या भाकरीवरचे तीळ वर्षभर खा, दूध-दही-ताक चालू ठेवा. भाकरी सोडू नका, तिच्या जोडीला हे घ्या. कॅल्शियमची गोळी डॉक्टरांनी सांगितली तर घ्या, पण बैठका आणि लंगडीची जागा ती घेत नाही.

"सोलापुरात उन्हाची काय कमी?" असं विचारतात. पण पोरं साडेपाचला पळतात, सातला आत जातात आणि दिवसभर अभ्यासिकेत. कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व फारसं बनत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन लागतं. हातपाय उघडे ठेवून दहा-पंधरा मिनिटं, तेही एप्रिल-मे सोडून.

गेल्या भरतीला मंगळवेढ्याकडची एक मुलगी नाण्याएवढं दुखणं घेऊन आली होती. एमआरआयमध्ये चीर निघाली. ती भरती हुकली, फार रडली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, आठव्या आठवड्यात, मैदानाच्या मातीत तिने त्या पायावर पहिली उडी मारली. माझ्याकडे बघितलं, दुसरी मारली. तिसरीला मी हात धरला. बाकीच्या परवा.