भोरड्यांचं माहेर

ऑगस्टमधली दुपार. दोरीवरचे कपडे सकाळपेक्षा जास्त ओले लागत होते. काढावेत की राहू द्यावेत, या विचारात मी बाल्कनीत उभी. तेवढ्यात समोरच्या केबलच्या तारेवर काही पक्षी येऊन टेकले. मैनेएवढे, डोकं, पंख काळे, पाठ-पोट गुलाबी, पण तो गुलाबीही या दिवसांत विटका, मळकट. एकमेकांना ढकलणं चाललेलं, तोंडानं अखंड कुरकुर. भोरड्या! आणि माझा उजवा हात आपोआप डोक्यावर गेला. गोफण फिरवायला.

पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, हातात दमट टॉवेल. तोच फिरवला. दोघी उडाल्या, बाकीच्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं. तिथं ज्वारीला कुणी नुसतं पीक म्हणत नाही. काळीभोर, खोल जमीन; परतीच्या पावसाची ओल तिच्यात मुरवायची आणि त्या ओलीवर थंडीभर ज्वारी काढायची. दिवाळीत गेलं की ती गुडघ्याएवढी असायची, संक्रांतीला गेलं की आम्ही पोरं तिच्यात दिसेनाशी व्हायचो. कणसात चीक भरला रे भरला की भोरड्या हजर. मग राखण. चार मेढी रोवून त्यावर मामानं मचाण बांधलेलं असायचं, आणि त्यावर कोण चढणार यावरून आमची भांडणं. चढल्यावर अर्ध्या तासात खाली कधी उतरायला मिळतंय यावरून पुन्हा भांडणं.

मामाचा गोफणगुंडा एखाद्या भोरडीला लागलेला मी कधी पाहिला नाही, आणि तो लागावा असा त्याचा बेतही नसावा. खरं काम गोफणीच्या फटकाऱ्याचं आणि त्यामागून दिलेल्या आरोळीचं. सगळा थवा एका दमात उठायचा. वळताना गच्च काळा व्हायचा, मग विरळ, मग पुन्हा गच्च, आणि बांधापलीकडे चुलत आजोबांच्या रानात उतरायचा. तिकडून आरोळी. थवा परत आमच्याकडे. दिवसभर अख्खं शिवार एकमेकांकडे भोरड्या पाठवत बसलेलं असायचं. त्यातून आभाळ भरून आलं आणि गारठा पडला की त्या भरदुपारीही हटायच्या नाहीत, असं मामाचं निरीक्षण होतं. ते शिव्यांसकट सांगितलं जाई.

ही पाखरं येतात कुठून, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. गोचीड कुठून येतो हे तरी कोण विचारतं? फार पुढं वाचनात आलं की त्यांचा जन्म मध्य आशियातल्या, कझाकस्तानकडच्या कोरड्या गवताळ मुलखातला. काही तर थेट पूर्व युरोपातल्या. दगडांच्या ढिगात, कपारीत हजारोंच्या वस्तीनं घरटी करायची आणि पिलांना टोळ-नाकतोडे भरवायचे. ज्या साली जिथं टोळ, त्या साली तिथं वस्ती. चीनच्या शिंच्यांग प्रांतात तर त्या टोळ फस्त करतात म्हणून सरकारनं त्यांना घरट्यांसाठी दगडविटांचे आसरे बांधून दिलेत. फवारणीपेक्षा भोरडी बरी, असा हिशेब.

आता माझी एक जुनी चीड सांगते. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात मथळा येतो: परदेशी पाहुण्यांचे आगमन. सोबत एखाद्या तळ्याचा फोटो. भोरडी आपल्याकडे जुलैअखेर-ऑगस्टात येते आणि एप्रिलमध्ये जाते. म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने मुक्काम इथं. ज्वारी झाली की सावर, पळस. फुलांतला रस पिऊन तोंडं पिवळी करून घ्यायची. मग वडा-पिंपळाची फळं. तिकडं जायचं ते अंडी-पिलांपुरतं. हिला पाहुणी कोणत्या तोंडानं म्हणायचं? ही तर बाळंतपणाला माहेरी जाऊन येणारी आपल्याच घरातली सून. जन्म तिकडचा म्हणून माहेर तिकडं. नांदते सोलापूर जिल्ह्यात. माहेरचे कौतुकानं घर बांधून देतात आणि सासरी गोफण. यात नवीन काय आहे म्हणा.

दुसरा समज असा की ही मंडळी थंडीला भिऊन येतात. भोरडी तिकडून निघते ती ऐन उन्हाळ्यात. पिलं उडायला लागली, टोळ सरले, की चालली. मग निघायचं कधी, हे ठरवतं कोण? कॅनडातल्या एडमंटन इथे विल्यम रोवन नावाच्या प्राध्यापकानं १९२० च्या दशकात एक उपद्व्याप केला. लहान पक्षी पकडून भर हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस रोज थोडा थोडा वाढवत नेला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, पण पक्ष्यांच्या शरीरात वसंत सुरू झाला. त्यांचं शरीर थंडी-ऊब बघत नव्हतं, उजेड मोजत होतं. स्थलांतराचे दिवस आले की पिंजऱ्यातला पक्षीही रात्रभर तळमळतो, फडफडतो. बाहेरची हवा त्याला लागो न लागो.

महिना असा उजेडातून कळतो. वार मात्र हवा ठरवते. पाऊस लागलाय, वारा समोरून आहे, तर पक्षी बसून राहतात आणि खातात. आभाळ निवळलं, वारा पाठीशी आला, की एकाच रात्री हजारो निघतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रडारवर विमानं नसतानाही ठिपके उमटायचे. चालवणारे त्यांना देवदूत म्हणायचे. पुढं डेव्हिड लॅक या पक्षीशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की ते पक्षी आहेत. आता पावसासाठी उभारलेल्या रडारवर अमेरिकेत रात्रीचं स्थलांतर मोजतात, आणि उद्या किती निघतील याचा अंदाजही देतात. आमच्याकडे पावसाचाच अंदाज लागला तरी पेढे वाटू.

वाऱ्यावरून चतुर आठवले. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पिवळ्या उन्हात शाळेच्या मैदानावर चतुरांचे ढगच्या ढग असायचे. आम्ही त्यांना हेलिकॉप्टर म्हणायचो. शेपटीला दोरा बांधायचा आणि उडवायचं. सगळ्या महाराष्ट्राचं बालपण या एका पापात भागीदार आहे, तेव्हा मी एकटीनं लाजण्याचं कारण नाही. तर हे चतुर निघाले होते आफ्रिकेला! मालदीवमध्ये राहणारा चार्ल्स अँडरसन हा जीवशास्त्रज्ञ दर ऑक्टोबरात बघायचा की समुद्राकडून लक्षावधी चतुर येतात. त्या बेटांवर धड गोडं पाणीही नाही, मग हे येतात कशाला? २००९ मध्ये त्यानं मांडलं की ते भारतातून निघून पूर्व आफ्रिकेकडे चाललेत. पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो, त्याच्यामागून उंचावर ईशान्येचा वारा वाहतो, त्यावर स्वार होऊन. आपल्याकडच्या डबक्यांत वाढायचं, इथली डबकी आटली की तिकडचा पाऊस गाठायचा.

त्याच वाऱ्यावर, त्याच सुमाराला अमूर ससाणे असतात. सैबेरिया-चीनकडून येऊन नागालँड-मणिपूरमध्ये वाळवीच्या उडत्या पाखरांवर पोट भरायचं, आणि मग भारत आडवा कापून अरबी समुद्र न थांबता ओलांडायचा, थेट सोमालिया. वाटेत चतुर खात असतील असा अँडरसनचा तर्क. बरोबर दोऱ्याचं एक टोक असलेला एखादा सोलापुरी चतुरही गेला असेल.

उलट्या दिशेचा प्रवासी आपला चातक. त्याला आपण चोच उघडी ठेवून पावसाच्या थेंबाची वाट बघत बसवलंय. प्रत्यक्षात उत्तर भारतातले चातक नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेतून समुद्रावरून येतात, आणि पाऊस पोचण्याच्या थोडं आधी पोचतात. २०२० मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं दोन चातकांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारी यंत्रं बसवली. नावं ठेवली चातक आणि मेघ. शास्त्रज्ञही शेवटी याच मातीतले.

वारा सगळ्यांनाच लागतो असंही नाही. माझी मावसबहीण भिगवणला दिलीय. तिच्या घरी हिवाळ्यात गेलं की उजनीच्या फुगवट्यावर होडीतून चक्कर ठरलेली. तिथं पट्टकादंब येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंसासारखे पक्षी, हिमालय ओलांडून. हे दुपारी डोंगरावरून वर चढणाऱ्या वाऱ्यावर आरामात वर जात असतील, असं लोक धरून चालले होते. यंत्रं बसवून पाहिलं तर ते चढाई करतात रात्री आणि पहाटे. वारा पडलेला असतो, पण हवा गार आणि दाट असते, पंखांना धरायला काहीतरी मिळतं. मला हे फार आवडतं. फुकटची लिफ्ट दारात उभी असताना जिन्यानं जायचं, तेही हिमालयात.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मात्र उजनीला येतील तेव्हा खरे. पाऊस दणकून झाला, धरण काठोकाठ भरलं, की आपण खूश आणि रोहित गायब. त्यांना उथळ पाणी आणि उघडा पडलेला चिखल लागतो. बांधाबांधानं गाड्या लावून पुण्या-मुंबईची माणसं कॅमेरे घेऊन उभी, आणि होडीवाला शांतपणे सांगणार, ‘पाणी उतरलं की येतील की.’

गेल्या काही वर्षांत पाणीच वेळेवर उतरत नाही. २०१९ मध्ये पावसानं राजस्थानातून माघार घ्यायला सुरुवात केली ती ९ ऑक्टोबरला. तोवर नोंदलेली सर्वांत उशिराची तारीख. पुढच्या वर्षी हवामान खात्यानं माघारीची नेहमीची तारीखच १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबर केली. पावसाची तारीख बदलता येते. सूर्याची कोण बदलणार? सप्टेंबरात दिवस जेवढा लहान व्हायचा तेवढाच होतो, आणि पाखरं त्याच उजेडावर घड्याळ लावून आलेली. रान मात्र ओलं, वापसा नाही, पेरणी खोळंबलेली. असंच एकदा मामाची ज्वारी संक्रांत आली तरी पोटरीतच होती, कणीस बाहेर पडलेलंच नव्हतं. भोरड्या येऊन बघून गेल्या.

त्यात आता ज्वारी तरी किती राहिली. भीमेच्या बाजूनं ऊस चढत चढत आलाय, आणि मध्येच मामासारख्या हट्टी माणसाची दोन एकर ज्वारी. पूर्वी सगळ्या शिवारात विभागून खाणाऱ्या भोरड्या आता त्या दोन एकरांवर तुटून पडतात. राखणीला माणूस मिळत नाही. मचाण मोडून गेलं. मामानं शेतावरून जुन्या कॅसेटांची रीळ ताणून बांधलीय; वारा आला की ती घुमते आणि ऊन पडलं की चमकते. दोन-चार दिवस पाखरं बुजतात, मग सरावतात.

परवा फोनवर त्याला शिंच्यांगची गोष्ट सांगितली. तिथं सरकार भोरड्यांना घरं बांधून देतं म्हटलं. मामा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘मग तितंच ऱ्हावा म्हणावं की त्यास्नी. अन् तू हुरड्याला येणार असशील तर लौकर ये. मागनं कणसं ऱ्हात न्हाईत.’