कुठल्या तोंडाने म्हणे!

आज चर्चमध्ये उपासनेला बऱ्याच महिन्यांनी एक ताई आली, मागच्या बाकावर बसली आणि प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षरस घ्यायला) उठलीच नाही. लगेच माझ्या मागून कुजबुज, "नवऱ्याला सोडलंय ना, कुठल्या तोंडाने येईल पुढे."

तेवढ्यात एक आजी गुडघे धरत धरत उठल्या आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या. विचारलं काहीच नाही. गीतांचं पुस्तक दोघींच्या मध्ये धरलं, ओळीवर बोट ठेवलं आणि आपल्या बेसूर आवाजात गायला लागल्या, बस्स.

बायबलमधल्या लूकच्या ७व्या अध्यायातला शिमोन परुशी (धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला) पण असाच, येशूला घरी जेवायला बोलावलं, पाय धुवायला पाणी दिलं नाही ते सोडून येशूच्या पायाशी रडणाऱ्या बाईच्या पापांचा हिशोब मांडत बसला. आणि केडगावला पंडिता रमाबाईंनी समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन काढलं, त्याचं आपल्याला केवढं कौतुक (भाषणापुरतं!).

पुढच्या रविवारी प्रीतिभोजन (चर्चमधल्या सगळ्यांचं एकत्र जेवण) आहे. त्या ताईला फोन कोण करणार विचारलं तर सगळ्यांना एकदम मोबाईलमध्ये काम निघालं. मी करतेय. पण नुसतं "जेवायला ये गं" एवढंच म्हटलं तर चालेल ना?